पंधरा नंबरची जागा

रोलंड थ्वेट वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम आधी सांगते. अठरा वर्षं तो माझा शेजारी होता. घरचा नव्हे, हंगामाचा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर, व्हिटबी गावाच्या वरच्या अंगाला, कड्याला लागून स्टॉकडेल बाईंचं शेत आहे. त्यातल्या एका उतरत्या पट्ट्यावर त्या मार्च ते ऑक्टोबर कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या घरगाड्या, लावायला जागा देतात. चौदा नंबरची माझी आणि पंधरा नंबरची थ्वेट नवराबायकोची.

रोलंड हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा. गिरणी बंद पडली तेव्हा जे हातात आलं, त्यातून त्याने एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली. स्कॉटलंडला जाऊ, वेल्सला जाऊ, जमलं तर फ्रान्ससुद्धा, असं म्हणत घेतली. पण पहिल्याच वर्षी त्याला पंधरा नंबर मिळाला, आणि मग दर मार्चला हॅलिफॅक्सहून इथे नि दर ऑक्टोबरला इथून हॅलिफॅक्सला, एवढाच त्या गाडीचा प्रवास राहिला.

"हिला फिरती गाडी कशाला म्हणायचं रे?" माझा नवरा केन हयात होता तेव्हा त्याला चिडवायचा.

"जगच येतंय की माझ्या दारात," म्हणत रोलंड समुद्राकडे हात करायचा.

हेझल, त्याची बायको, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. शुक्रवारी शेवटची भांडी विसळून ती घरी पोचायची, तेव्हा रोलंड मोटार चालू करून दारात उभा असायचा. इथे आल्यावर तो गाडीपुढचा कापडी मांडव ताणायचा, खुंट्या ठोकायचा, आल्यागेल्याला दोरीच्या गाठी शिकवायचा. हेझल पाणी भरायची, संडासाची पेटी रिकामी करून आणायची, बिछाने घालायची, आणि दोन बर्नरच्या शेगडीवर सहा-सहा माणसांचं जेवण करायची.

"हिला इथली फार हौस," रोलंड सगळ्यांना सांगायचा. हेझल हसायची. आम्ही सगळे तेच खरं धरून चालायचो. मीसुद्धा.

गेल्या सप्टेंबरात स्टॉकडेल बाई स्वतः पत्रं वाटत आल्या. शेताचा कारभार आता त्यांचा मुलगा बघतो. त्याने नवा नियम काढला होता: पंधरा वर्षांहून जुनी गाडी पुढच्या हंगामापासून इथे उभी राहणार नाही. जागा ठेवायची असेल तर नवी गाडी आणा, नाहीतर जागा सोडा. काय ते महिनाअखेर लिहून द्या. पत्र देताना बाई कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

रोलंडची गाडी पंचवीस वर्षांची. एक दिवस तो नुसता धुमसला. "म्हातारी झाली म्हणून काय गळते का ती?" असं चारचौघांना विचारत हिंडला. पण पुढच्या शनिवारी त्याने मला चहाला बोलावलं, तेव्हा मांडवातल्या टेबलावर नव्या गाड्यांच्या माहितीपुस्तिका पसरलेल्या होत्या आणि स्वारी खुशीत होती.

"मेव्हिस, तूच सांग. निळ्या गाद्या की मातकट?"

"मला काय विचारतोस? हेझलला विचार."

"तिला मी ठरवीन ते चालतं. काय गं?"

हेझल आल्याचा केक कापत होती. सुरी तशीच धरून म्हणाली, "नाही चालत."

"बरं, मग निळ्या घेऊ."

"गाद्यांचं नाही बोलत मी. गाडीच नको. जागा नको."

तो माझ्याकडे बघून हसला. "वाऱ्याने डोकं धरलेलं दिसतंय बाईसाहेबांचं."

"अठरा वर्षांत आज पहिल्यांदा काहीतरी विचारलंस, रोलंड. तेही हिने सांगितलं म्हणून. आणि काय, तर गादीचा रंग."

"मग बोलायचं होतंस की! तोंड कुणी शिवलं होतं तुझं?"

"बोलले होते. पहिल्याच वर्षी. चॅपलमधल्या गायकमंडळाची तालीम शनिवारी असते, मला यायला जमणार नाही, म्हटलं होतं. तू म्हणालास, गायला काय, भांडी घासतानाही गाता येतं."

मी खुर्ची मागे सरकवली. नवराबायकोच्या मध्ये बसायची मला हौस नाही.

"बस, मेव्हिस," हेझल म्हणाली. "कुणीतरी ऐकायला हवं. नाहीतर उद्या हा म्हणेल, ती असं बोललीच नाही." मग रोलंडकडे वळून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "आईचं सांगू हिला?"

तिची आई वारली ते मला आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या जोडून आलेल्या सुट्टीत. म्हातारी हॅलिफॅक्सला एकटी राहायची. तेव्हा कड्यावर मोबाइलला रेंज नव्हती, कुणाचाही निरोप यायचा तो शेतावरच्या फोनवर. रविवारी सकाळी रोलंड निरोप घेऊन आला, दोघं तशीच निघाली. पण म्हातारी आदल्या संध्याकाळीच गेली होती. त्यांचा मांडव मी नि केनने उतरवून ठेवला होता.

"निरोप रविवारी नव्हता आला," हेझल म्हणाली. "शनिवारी आला होता. दुपारी बाराला. स्टॉकडेल बाईंनी ह्याच्या हातात चिठ्ठी दिली होती."

"कोण म्हणालं तुला?" रोलंडने विचारलं. नाही म्हणाला नाही, फक्त एवढंच विचारलं.

"त्याच म्हणाल्या. पुढच्या हंगामात. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, मला माहीत असणार. 'दुपारी चिठ्ठी दिली, तरी गाठ पडली नाही का हो?' असं विचारलं त्यांनी."

रोलंडने पुस्तिका गोळा करायला सुरुवात केली. एकीवर एक, कडा जुळवून. "तुझी आई दर महिन्याला आजारी पडायची, हेझल. 'बरं वाटत नाही, हेझलला कळवा,' एवढंच होतं चिठ्ठीत. त्या दिवशी वाऱ्याने मांडव अर्धा सुटलेला. संध्याकाळी माणसं जेवायला यायची होती. मला वाटलं, सकाळी सांगू."

"हो. माणसं जेवायला यायची होती. ती तिकडे एकटी पडली होती आणि मी इथे मटणाचा रस्सा ढवळत होते. ही पण होती जेवायला."

होते मी. चांगला दोनदा वाढून घेतला होता.

"दहा वर्षं तुला माहीत होतं," रोलंड म्हणाला, "आणि तरी दर शुक्रवारी मोटारीत येऊन बसत होतीस?"

"तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होते. एक वर्ष बघितली, दोन बघितली. मग सवय झाली."

रोलंडने स्टॉकडेल बाईंचं पत्र काढलं, खालच्या चौकटीत 'जागा नको' असं लिहिलं, सही केली आणि उतार चढून शेतघरी देऊन आला. असं करून त्याने तिची भरपाई केली की तिच्यावर सूड उगवला, मला अजून कळलेलं नाही. त्यालाही कळलं असेल असं वाटत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी दोघांनी मांडवाची घडी घातली. एकमेकांकडे न बघता, कोपऱ्याला कोपरा बरोबर लावून. पिकरिंगकडच्या एका माणसाने गाडी कोंबड्यांचं खुराडं करायला म्हणून ओढून नेली. आसपासची मंडळी हळहळली. "बिचाऱ्याचा जीव होता हो ह्या जागेत," "बायकोने हट्ट धरला म्हणे," असं माझ्यासमोर बोलली. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मला पुढच्या वर्षी ह्यांच्यातच राहायचं होतं.

फेब्रुवारीत मी हॅलिफॅक्सला त्यांच्याकडे गेले. हेझलने मला वरच्या छोट्या खोलीत नेलं. तिथे आता ती झोपत होती.

"गाण्याचं काय झालं?" मी विचारलं.

"गेले होते. नवीन बाई शिकवतात. आधी परीक्षा घेतात. वरचा सूर लागलाच नाही माझा, फाटला. छान बोलल्या हो त्या. आता मी दाराशी बसून तिकिटं फाडते." ती हसली, अगदी कड्यावर हसायची तसं. "ते बोलून टाकलं की हलकं वाटेल, असं वाटलं होतं, मेव्हिस. तेव्हाच बोलले असते तर भांडलो असतो, रडलो असतो, संपलं असतं. आता हा दर दोन तासांनी चहा घेऊन येतो. माझ्या दारावर टकटक करतो, पाहुण्यासारखा. मला बघवत नाही ते. पण माफ करायला जावं तर तेही जमत नाही. आणि सत्तराव्या वर्षी जाऊ कुठे?"

तेवढ्यात दारावर टकटक झालीच. रोलंड दोन कप ठेवून खाली गेला. एका बशीत चहा सांडलेला होता. हेझलने तो कप माझ्याकडे सरकवला आणि स्वतःचा तसाच निवू दिला.

निघताना रोलंड मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "माझ्याविषयी काही बोलली?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

"आमच्या जागेवर कोण आलंय?"

"लीड्सचं कुणी जोडपं येणार आहे म्हणतात. तरुण आहेत."

"त्यांना सांग, डावीकडच्या कोपऱ्यात पाणी साचतं. चाकाखाली फळी घालायला सांग."

सांगते म्हटलं. बस आली. मी चढले आणि खिडकीतून हात करायला वळले, तर तो आधीच पाठ फिरवून निघाला होता. पण घराकडे नव्हे, विरुद्ध दिशेला.