तुळसाक्काची चिमणी आणि उखळीचा बार

आमच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. सकाळी ओट्यावर तांदूळ निवडायला बसावं, तर खडे कमी आणि किस्सेच जास्त सुपात पडतात! मी बाई मराठी चौथी शिकलेली. पण कुणाकडे काय शिजलं आणि कुणाचं काय बिनसलं, याची खबर आधी मला आणि मग त्या घराला. म्हणून गल्ली मला 'गॅझेट' म्हणते. म्हणो बापडी! पण हे जनावरांचे आणि फटाक्यांचे किस्से आता इतके साठलेत, की एकाला हात लावावा तर दुसरा घरंगळत खाली येतो.

झालं असं, की लढाईच्या सालांत बेळगावात दिव्यापुरतं घासलेट मिळायची मारामार, तिथं फटाके कुठले! त्या शांततेत आमच्या गल्लीत कुत्री, पोपट, म्हशी जन्मल्या नि मोठ्या झाल्या. फटाका म्हणजे काय, त्यांच्या कानाला ठाऊकच नाही. लढाई संपली, आणि दुसऱ्या दिवाळीला फटाके आले ते गाडीभर! पोरांनी इतक्या सालांची हौस एका पहाटेत फेडून घेतली.

आमचे हे अंथरुणातूनच म्हणाले, "लढाई संपली म्हणत होते ना? मग आपल्या गल्लीला कुणी कळवलं नाही वाटतं!"

*

समोर आप्पासाहेब वकील राहतात. पहिला बार उडाला तसा त्यांचा पोपट दांडीवरून खाली आला आणि पिंजऱ्याच्या तळाला पसरला. वकिलांचा जीव पोपटात. त्यांनी कोर्टाचा काळा झगा काढला आणि अख्ख्या पिंजऱ्याला घातला. आत अंधार, ऊब. पोपट गप्प.

सगळ्यांना वाटलं, झोपला. तो कसला झोपतोय! सगळी दिवाळी तो आत बसून ऐकत होता.

दिवाळीनंतर झगा काढला. चिकोडीकडचा एक पक्षकार आपली भाऊबंदकी सांगायला आला होता. वकील म्हणाले, "थांबा, काळजी करू नका, केस मी घेतो." तोच पिंजऱ्यातून आवाज आला, "सुर्रर्रर्र... पेटली, पेटली! पळा रं, पळा!"

पक्षकार उठला आणि पटका सावरत म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी थांबा म्हणताय, ह्यो पळा म्हणतोय. ह्या कामात दोघांतलं जुनं कोण?"

*

शेजारच्या कंपौंडरांचा कुत्रा टायगर. पोस्टमन त्याला भिऊन पत्रं माझ्याकडं टाकून जातो. (त्याबद्दल माझी काही तक्रार नाही!) असा हा टायगर पहिल्या लवंगी माळेला जो उठला, तो थेट कंपौंडरांच्या आईच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात घुसला. त्या घरात सुनेलासुद्धा ओलेत्यानं जावं लागतं. आता काकू चुलीतलं लाकूड काढणार!

काकूंनी पाहिलं. टायगर पाटाखाली तोंड खुपसून थरथर कापत होता. त्यांनी अंगावरची सोवळ्याची धाबळी काढली, त्याच्यावर घातली, दार लोटलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. कंपौंडर चाचरत म्हणाले, "आई, अहो सोवळं..."

"भ्यालेल्याला कसलं सोवळं रे? गप बस!"

भाऊबीज झाली, फटाके थांबले. टायगर सवयीनं पुन्हा चुलीपाशी येऊन बसला. काकूंनी पळी उगारली, "दिवाळी संपली! हो बाहेर!"

*

पण खरा घोर होता तुळसाक्काला. गल्लीच्या टोकाला तिचा गोठा. मूलबाळ नाही. नवरा गेला त्याच साली म्हशीला रेडकू झालं आणि म्हैस मेली. एवढंसं रेडकू, तुळसाक्कानं बोळ्यानं दूध पाजून जगवलं. नाव ठेवलं चिमणी. आता ती चिमणी दारातून आत शिरायची तर अंग तिरकं करते! तुळसाक्का दिवसभर तिच्याशीच बोलते, आणि कुणी हसलं तर म्हणते, "हसा की. तुमच्या नवऱ्यांपरास ती बरी ऐकती!"

नरकचतुर्दशीला पहिला बार उडाला आणि चिमणीनं दावं तोडलं. पोरं ओरडली, "चिमणी उडाली!" आणि खरंच, बघता बघता ती दिसेनाशी झाली. तुळसाक्का दिवसभर गावभर हिंडली. फराळाला तिनं हात लावला नाही.

*

आता दस्तगीरचाचांचा टांगा मध्ये येतो. त्यांचा घोडा राजा. चाचांची मोठी शेखी, "माझा राजा लगामावर न्हाय, जबानीवर चालतो!" फटाक्यांना तो बिचकू नये म्हणून चाचांनी त्याच्या कानांत तेलाचे कापसाचे बोळे घातले. घोडा एकदम शांत. चाचा सगळ्यांना दाखवत फिरले.

दुसऱ्या दिवशी शाळेतले मास्तर पुण्याच्या गाडीसाठी टांग्यात बसले. बोळे काढायचे चाचा विसरले होते! स्टेशन आलं. "हो, राजा, हो!" राजा कशाला ऐकतोय? लगाम धरावा, तर तो मास्तरांच्या वळकटीखाली. राजा दर बाजाराला उचगावला जायचा, तिथलं गवत त्याला गोड. तो निघाला उचगावला.

उचगावच्या एका रताळ्याच्या शेतात चिमणी उभी! तोंडात वेल, डोळ्यांत भीती.

संध्याकाळी आम्ही बघतो, तर पुढं टांगा, मागं चिमणी आणि तिच्या मागं छत्री उगारून मास्तर. तुळसाक्कानं चिमणीच्या गळ्याला मिठी मारली आणि मग मास्तरांच्या पाया पडली, "मास्तर, लई उपकार झालं. पुणं काय, उद्या बी हाय तितंच हाय!"

*

पाडव्याला सदलग्याहून तिचा दीर शिवाप्पा आला. आमच्याकडं पाडव्याला म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून वाजतगाजत पळवत नेतात. धनी पुढं पळतो, म्हैस त्याच्यामागं. चिमणी गोठ्याबाहेर पाऊल टाकेना. वाजंत्र्यांचं शिंग वाजलं की थरथरायची. भ्यालेलीनं दूधही आटवलेलं.

शिवाप्पा म्हणाला, "वैनी, भित्रं जनावर दावणीला ठेवून काय उपेग? आमच्या बाच्या गोठ्यातलं जित्राब हाय, माझाबी हक हाय. पुढल्या सरावणात येतो. तवर धीट झाली तर ऱ्हाऊ दे, न्हाईतर सदलग्याच्या बाजारला नेतो."

तो गेल्यावर तुळसाक्का माझ्या ओट्यावर बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "गोठा रिकामा झाला की मी कुनाशी बोलू गं?"

पलीकडून चाचा म्हणाले, "अरे, शादीचा घोडा कसा शिकवतात? ताशा वाजवायचा, चणे चारायचे. मग ताशा वाजला की घोडा म्हणतो, आले चणे!"

मी म्हटलं, म्हैस काय घोड्यापेक्षा कमी आहे?

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू. मी लांबून घासलेटच्या रिकाम्या डब्यावर बोटानं टिचकी मारायची आणि तुळसाक्कानं मूठभर पेंड चारायची. चिमणीनं कान टवकारले की मी मागं सरायची, कान पाडले की एक पाऊल पुढं. टिचकीवरून चमचा, चमच्यावरून लाटणं. शिमगा आला तोवर चिमणी डबा ऐकून जीभ बाहेर काढायला लागली. मग आपटबार, मग लवंगी.

पुढं पुढं गल्लीला नादच लागला. येता जाता जो तो काहीतरी वाजवायचा आणि घास द्यायचा. वकील दार आपटून केळ्याची साल द्यायचे. काकू घंगाळ बडवून भात द्यायच्या. चिमणी इतकी सुधारली, की सकाळी डबा वाजवल्याशिवाय पान्हाच सोडेना!

आमचे हे पहाटे डोक्यावर पांघरूण ओढून म्हणाले, "म्हैस शिकली. आता चाचांकडचा कापूस माझ्यासाठी आण!"

*

वैशाखात गल्लीत लग्न होतं. वरात आली, बँडवाल्यानं मोठा ढोल हाणला, "ढम्म!" आणि चिमणी मांडवात हजर! पंगत बसलेली. तिनं आधी मुलाकडच्या व्याह्यांच्या पत्रावळीतली जिलबी उचलली, मग पत्रावळही.

व्याही लाल! "हिला कुणी बोलावलं?"

तुळसाक्का पदर सावरत पुढं आली, "मी न्हाय हो. तुमच्याच बँडवाल्यानं!"

*

आणि मग तो ऑगस्ट आला. त्या साली श्रावण अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. देश स्वतंत्र झाल्याची सकाळ. दारादारावर झेंडे, पोरांच्या हातांत कागदी झेंडे. पलीकडच्या मैदानात झेंडा चढला, की उखळीचे बार उडणार होते. लोखंडी उखळीत दारू ठासून उडवतात, त्या आवाजानं भांडी फळीवरून खाली येतात.

आणि नेमका त्याच सकाळी शिवाप्पा आला! उचगावच्या सासुरवाडीला धोंडे जेवून आला होता. अंगावर नवं धोतर, एका हातात अनारशांचं भलंमोठं गाठोडं, दुसऱ्यात नवं कोरं दावं.

तुळसाक्का म्हणाली, "भावजी, चिमणी आता भीत न्हाय."

"बोलून काय उपेग, वैनी? आज बार हायतच. जाग्याला ऱ्हायली तर तुझी. पळाली तर माझी."

"चालंल," तुळसाक्का म्हणाली. सगळी गल्ली गोठ्यासमोर जमली. तुळसाक्कानं चिमणीच्या मानेवर हात ठेवला. "आज तेवढी हुबी ऱ्हा गं बाई."

धुडूम!

चिमणीनं कान पाडले. शेपूट हलवली. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच तिनं मान वर केली आणि एका हिसड्यात दावं तोडून सुसाट निघाली!

"बघितलासा?" शिवाप्पा ओरडला. "पळाली!"

तुळसाक्का मटकन खाली बसली. वकिलांच्या खिडकीतून पोपट किंचाळला, "पळा रं, पळा!" आणि आम्ही सगळे पळालो. पुढं चिमणी, मागं शिवाप्पा, त्याच्या मागं चाचा, टायगर, वकील आणि मी. तुळसाक्का उठून, डोळे पुसत सगळ्यांच्या मागून.

मैदानातली गर्दी दुभंगली. चिमणी झेंड्याला वळसा घालून सरळ उखळीपाशी गेली. उखळीवाल्यानं दुसरा बार ठासून ठेवला होता. म्हैस अंगावर येताना बघून तो पलित्यासकट पाहुण्यांच्या स्टेजवर चढला!

चिमणी उखळीसमोर उभी राहिली. मान लांब केली. जीभ बाहेर काढली. आणि हंबरली.

शिवाप्पा धापा टाकत पोचला. त्यानं चिमणीकडं बघितलं, मग उखळीकडं, मग हातातल्या दाव्याकडं. तेवढ्यात तुळसाक्का आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बया! पेंड घरीच ऱ्हायली!"

चिमणी पुन्हा हंबरली. स्टेजवरून उखळीवाल्यानं विचारलं, "ओ, हिला बाजूला घ्या की! दुसरा बार उडवू का नको?"

शिवाप्पानं दावं खांद्यावर टाकलं. खाली बसला, गाठोडं सोडलं आणि एक अनारसा चिमणीपुढं धरला. तिनं तो खाल्ला आणि त्याचा हात कोपरापर्यंत चाटला. शिवाप्पा शिंगाला धरून तिला हळूच बाजूला घेत स्टेजकडं बघून ओरडला,

"उडव रं तू! अनारसं लई हायती!"