पाय लागला, माफ करजा

“वळ बे तिकडे,” मामा म्हणायचे. आपण पाठ करून उभं राहायचं. कमरेवर त्यांचा डावा पाय अलगद टेकायचा आणि मागून आवाज यायचा, “पाय लागला, माफ करजा.”

डोणगावच्या एका धान्य गोदामात मी तोलाई करायचो, मामा हमाली. ते जन्मले पायांकडून, म्हणजे पायाळू. आणि पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण उतरते, हे तुम्ही ऐकलं असेलच. खरंखोटं डॉक्टरांना विचारा. मी एवढंच सांगतो, मामांपुढची रांग पार मेहकरपर्यंत जायची, आणि रांगेच्या शेवटी एकदा मी बैल पाहिला. तोही पाठ करून उभा.

पाय लावून झाला की मामा त्या पाठीला हात लावून तो कपाळाला न्यायचे. त्यांच्या जोडीचा हमाल रशीदभाई चिडवायचा, “मामा, दवा तुमची अन् माफी बी तुम्हीच मागता, काऊन?”

“पाय तो पायच राह्यतो, बापा.”

ताकद म्हणाल तर एक पोतं पाठीवर असायचं आणि दुसरं नुसतं धाकानं मागं चालत यायचं. पण सोयाबीनच्या हंगामात थप्पीवर चढताना फळी सरकली आणि मामा पोत्यासकट खाली आले. आधी विचारलं, “पोतं फुटलं काय?” मग उठायला गेले, तर उठता येईना.

मणका गेला, आता ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पाठीवरच ज्याचं पोट, त्यानं खायचं काय? आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. मालकाचं म्हणणं, मामा घरीच पडले असतील, आणि दुखणंही सगळं नाटक.

बुलढाण्याला सुनावणी झाली. मालकाचे वकील झकास बोलणारे. त्यांनी विचारलं, “गावाच्या पाठी बऱ्या करता, मग स्वतःची का नाही केली?”

मामा म्हणाले, “आपला पाय आपल्या पाठीले पुरत नाही न, साहेब.”

न्यायाधीशसुद्धा हसले. वकील तेवढे हसले नाहीत. खाली पडलेला कागद उचलायला ते तणतणत वाकले, आणि वाकले ते वाकलेच. उसण! माणसाचा पार काटकोन झाला. घड्याळसुद्धा थांबलं होतं, रशीदभाईला विचारा.

बाकाला धरून मामा उठले. मी त्यांचा सदरा ओढला. भर कोर्टात पाय उचलला तर नाटकच ठरणार, दावा बुडणार. कानात तसं सांगितलंही.

“माणूस अडकून राह्यला न, भाऊ,” ते म्हणाले.

त्यांनी डावा पाय उचलला. वीतभर वर गेला आणि तिथंच थरथरत राहिला. तोंड चुन्यासारखं पांढरं झालं, पण पाय खाली घेईनात. रशीदभाईनं आणि मी दोन्ही बाजूंनी त्यांना धरलं. वकिलांनी वाकल्या वाकल्या मागं वळून तो पाय पाहिला. मग काळ्या कोटासकट हळूहळू फरशीवर बसले. पाय वर येईना, म्हणून पाठ खाली आणली.

“पाय लागला, माफ करजा, साहेब.”

वकील सरळ उठले, अगदी ताडासारखे. त्यानंतर नाटक हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. दावा मंजूर झाला.

मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. अंगणात त्यांना ठेवलं होतं, लोक येऊन पाया पडत होते. रशीदभाई आला, पायाशी थबकला आणि एकदम वळला. पाठ करून खाली बसला आणि कंबर हळूच त्या डाव्या पायाला टेकवली. मग एकेक हमाल तसाच बसून उठला. शेवटी मी.

पाय लागला. मी जरा वेळ तसाच बसून राहिलो, मागून आवाज येईल म्हणून.