वहिनींचा नंबर

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे. कारागीरही आणि गिऱ्हाइकंही. लग्न होऊन आल्या तेव्हा कॉम्प्युटर येतो एवढ्या एका गुन्ह्यावर दुकानाचा फोन त्यांच्या गळ्यात पडला. अकरा वर्षं तो सुटला नव्हता.

दुकानाची वेबसाइट धाकट्या दिरानं कॉलेजात असताना बनवलेली. वर सरकणारी 'सुस्वागतम'ची पट्टी, मधोमध सासऱ्यांचा कोटातला फोटो, खाली त्यांचंच लांबलचक मनोगत. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसायची. दुकानाची जागा बदलून तीन वर्षं झाली तरी पत्ता जुनाच होता, कारण दीर नोकरीसाठी दूर गेलेला आणि पासवर्ड त्याच्यापाशी. मग ज्याला काही कळायचं नाही तो सरळ खालच्या नंबरावर, म्हणजे वहिनींना, फोन करायचा. त्या आंघोळीला गेल्या तरी फोन साबणाच्या शेजारी असायचा.

"नवीन करून घेऊ या," असं त्या वर्षातून दोनदा तरी म्हणायच्या.

सासरे म्हणायचे, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

नवरा म्हणायचा, "सीझन जाऊ दे."

दीर फोनवर म्हणायचा, "वहिनी, मीच करणार आहे, एकदम झकास! जरा सवड होऊ द्या."

आणि एका सोमवारी वहिनींचा आवाजच बसला. डॉक्टरीणबाईंनी घशात बॅटरी मारून पाहिलं. "दहा दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

फोन नवऱ्याकडे गेला. पहिल्या दिवशी तो हसत होता. दुसऱ्या दिवशी जेवणावरून चार वेळा उठला. तिसऱ्या दिवशी दुपारी एक शिवणकामवाल्या बाई मशीनचं डोकं कमरेवर घेऊन, घामाघूम होऊन दारात उभ्या राहिल्या. त्या आधी जुन्या पत्त्यावर जाऊन आल्या होत्या. तिथे आता केस कापायचं दुकान होतं.

"तुमच्या वेबसाइटवर बघूनच गेले," बाई म्हणाल्या. "फोन करावा तर सारखा बिझी!"

नवरा वहिनींकडे वळला. "अगं, तू कधी बोलली नाहीस?"

वहिनींना त्या घटकेला बोलता येत नव्हतं, ते एका परीनं बरंच झालं.

आठवडाभरात वेबसाइट करणारी एक मुलगी दुकानात आली. "सगळं पाडून नवं करायचं की थोडं थोडं बदलायचं, ते मागून ठरवू," ती म्हणाली. "आधी सांगा, लोक इथे काय शोधत येतात?"

"आमचा इतिहास," सासरे म्हणाले.

वहिनींनी उठून कपाटातली कॅलेंडरची जुनी पानं आणली. प्रत्येकाच्या मागे त्यांनी फोनची नोंद ठेवली होती, एका फोनला एक रेघ. पत्ता, वेळ, सुटा भाग आहे का, घरी येता का. मनोगताबद्दल एकही रेघ नव्हती. सासरे बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "फोटो आतल्या पानावर टाका. पण काढू नका."

दीर मात्र अडून बसला. "माझं काम दुसऱ्या कुणी मोडायचं नाही." वहिनींनी त्याला मेसेज लिहिला: 'भाऊजी, उद्या दुपारपर्यंत पासवर्ड द्या. नाहीतर मी दुकानाची दुसरी साइट काढते.' अकरा वर्षांत त्यांनी 'मी' असं पहिल्यांदाच लिहिलं होतं.

तासाभरात उत्तर आलं. पासवर्ड म्हणजे वहिनींचाच मोबाइल नंबर होता.

आधी पत्ता, वेळ आणि नकाशा बदलला, बाकीचं महिनाभरानं. दिवसाला चाळीस फोन यायचे, ते आठ-नऊवर आले. वहिनींचा आवाजही परतला, थोडा घोगरा. एक दिवस त्या निवांत आरशासमोर बसून केस विंचरत होत्या, तेवढ्यात नवरा खोका घेऊन आत आला.

"आता तुझा फोन मोकळा झाला ना? मग ह्या सुट्या भागांचे फोटो काढून साइटवर टाक. आणि शिल्लक काय आहे ते रोज बदलावं लागतं म्हणे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

खोक्यात तीनशेच्या वर भाग होते.

"सकाळी अकरा ते एक," वहिनी म्हणाल्या. "त्यानंतर मी हात लावणार नाही."

"बरं बरं," म्हणत तो बाहेर गेला. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. वहिनींनी कंगवा खाली ठेवला, पांढरा कागद अंथरला आणि पहिली बॉबिन त्यावर उभी केली. ती गडगडत पलंगाखाली गेली. त्या गुडघ्यावर बसून शोधत होत्या, तेव्हा बाहेरून नवऱ्याची हाक आली, "अगं, संध्याकाळपर्यंत होईल ना?"