पोटरी चोळली, ती चूक

“पाय चोळला का कुणी?” डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करता करता डॉक्टरबाईंनी विचारलं.

“व्हय, मीच की!” आई कौतुकानं म्हणाली. “चार दिवस झाले, रोज कोमट तेलानं, चांगला जोर लावून.”

डॉक्टरबाईंचा हात थांबला. “मावशी, आता बोटही लावू नका. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल.”

अहो, माझं वय चौतीस, बीपी नाही, शुगर नाही! याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, पायाच्या खोल शिरेत रक्त गोठणं. आणि मी समजत होते, पायात गोळा आलाय.

चाकणच्या एका कंपनीत मी डिस्पॅचचं काम बघते. आकुर्डीहून बसमध्ये दीड तास बसून, मग स्क्रीनसमोर नऊ तास बसून. डबासुद्धा टेबलावरच. लेडीज टॉयलेट शेडच्या पार पलीकडे, म्हणून मी पाणीच पीत नव्हते. केवढं ते शहाणपण! आईची सगळी नोकरी पॅकिंग लाइनवर उभ्यानं गेली. “माझ्या पोरीला बसून काम हाय,” असं ती गल्लीभर सांगायची. डावी पोटरी सुजली, गरम लागायला लागली, तरी आम्ही दोघींनी ते थकव्यावर ढकललं.

फुप्फुसाचा सीटी स्कॅन झाला. मला दम लागत होता, भीतीनं की गुठळीनं, कळेना. रिपोर्ट येईपर्यंत आई बाकावर हात पदरात गुंडाळून बसली होती. “मीच मारत हुते गं तुला,” एवढंच म्हणाली. मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

फुप्फुस साफ निघालं. सुटले! रक्त पातळ करणारी इंजेक्शनं झाली, आता गोळ्या चालू आहेत. डॉक्टरबाईंनी बजावलंय, तासातासाला उठायचं, चालायचं, पाणी प्यायचं, बसल्या जागी टाचा वरखाली करायच्या. बायांनो, एकच पाय सुजून दुखत असेल, तर चोळत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

घरी आल्यावर सूज उतरायला डॉक्टरबाईंनी दिलेला घट्ट मोजा मला एकटीला चढेना. आईला हाक मारली. ती दारातच थांबली.

“आधी डॉक्टरीणबाईंना इचार, मी हात लावू का?”

मी फोन स्पीकरवर टाकला. “लावा की मावशी, फक्त चोळू नका,” त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे आई जवळ आली.