नानांचं बोट आणि माझा जुना फोन

बुधवारी माहेरी गेले होते. काष्टीपासून थोडं आत आमचं गाव. भिंगारहून सकाळची एसटी पकडली की दुपारच्या जेवणाला पोचते… पण त्या दिवशी घरात जेवणाचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

नाना, म्हणजे माझे वडील, फोन उपडा ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले होते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, तेव्हा मीच माझा जुना स्मार्टफोन त्यांना दिला होता. बोलता येत नाही तर लिहून बोलतील, अशी माझी हौस…

नाना बैलबाजारात दलाली करतात. जोडीला रहीमभाई, पलीकडच्या तालुक्यातले. मी शाळेत असल्यापासून दोघं शनिवारच्या बाजारात कायम बरोबर. त्याच रहीमभाईंचा व्हॉइस मेसेज आईने मला ऐकवला.

"नाना, तुमची तब्येत बघून ह्या शनवारपासून तुमच्या जागी नवा मानूस संगं घ्यावा म्हनतोय. चालत नसंल तर तसं कळवा. तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई."

आणि नानांच्या फोनवरून उत्तर गेलं होतं… 'ठीक आहे.'

कीबोर्डच्या वर एक पट्टी असते बघा, फोन आपणहून तयार शब्द पुढे करतो. नाना 'नको' लिहायला धडपडत होते, बोट त्या पट्टीवर पडलं आणि गडबडीत मेसेज गेलाही! तो कसा पुसायचा हे कळेपर्यंत रहीमभाईंचा अंगठा आला. म्हणजे विषय संपला.

आई मात्र सुटल्यासारखी दिसली. "झालं ते बरंच झालं. डागदर आराम करा म्हनले हुते न्हवं? बसा आता घरी."

मी म्हटलं, थांबा नाना, मी लिहिते त्यांना. तर नानांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. बाजारात ज्याचा शब्द त्यानेच द्यायचा, त्यात लेकीचीही मध्यस्थी चालत नाही. बरं… मग शिकायचंच. शनिवारच्या आत. हट्टीपणात मी काही आईवर गेलेली नाही.

आधी ती सुचवणारी पट्टी बंद केली. मग कीबोर्ड मोठा केला. तरी नानांनी एखादं अक्षर दाबलं की ते उमटायच्या ऐवजी वर भलत्याच अक्षरांचा डबा उघडायचा… बोट जास्त वेळ दाबून धरलं की होतं तसं.

"नाना, नुसतं टेकवायचं! दाबायचं नाही!" हे मी किती वेळा म्हटलं देव जाणे. शेवटी माझाही आवाज चढला. नाना मान हलवायचे आणि पुन्हा नख पांढरं होईस्तोवर दाबून धरायचे.

गुरुवारी संध्याकाळी मी वैतागून ओट्यावर बसले होते. नाना शेजारी आले आणि माझं मनगट दाबलं. आवाज गेल्यापासून आम्हाला हाक मारायची त्यांची हीच पद्धत. मी सवयीने त्यांचा हात दाबला, "काय हवंय?" आणि त्याच क्षणी त्यांनी माझं मनगट सोडलं.

तिथे माझी ट्यूब पेटली.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने ठरत नाही. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून बोलायचं. समोरच्याने उलटं दाबून होकार देईपर्यंत नाना बोट सोडत नाहीत. आयुष्यभर हेच केलेला माणूस काचेवर बोट ठेवून वाट बघत होता… आणि काच मेली काही उलटं दाबतच नव्हती!

पळत जाऊन सेटिंग उघडलं. कीबोर्डचं व्हायब्रेशन. मला त्याचा वैताग यायचा म्हणून मीच कधीतरी बंद केलेलं. चालू केलं, एकदम फुल्ल.

नानांनी 'न'वर बोट ठेवलं. फोन थरथरला. नानांनी चटकन बोट उचललं, आणि स्क्रीनवर एकटा, स्वच्छ 'न'. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा एकदा करून पाहिलं… आणि हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मला तर रडूच आलं.

शुक्रवारी सकाळपासून नाना फोन घेऊन बसले. लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. समोरचा चहा गार झाला. मदत करायला माझे हात शिवशिवत होते, पण मी अजिबात हात लावला नाही.

दुपारी मेसेज गेला. 'नवा माणूस नको. मी येतोय.'

रहीमभाईंचं उत्तर लगेच आलं. "या नाना, या! मला वाटलं तुमीच आमाला सोडलं…" नानांनी तेवढाच मेसेज परत परत ऐकला.

"माझं कोन ऐकतंय ह्या घरात," असं पुटपुटत आई उठली, आणि उद्याच्या डब्याला भाकरीचं पीठ पुरेल का ते बघायला आत गेली. मी संध्याकाळच्या गाडीने भिंगारला परत आले.

काल शनिवार. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर नानांचा मेसेज. 'फोन उचल.' मी चक्रावलेच, ऑपरेशननंतर नानांनी कुणाला फोन केलाच नव्हता. तेवढ्यात रिंग वाजली.

पलीकडे नाना अर्थातच गप्प. पण बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकू येत होते, हंबरणं, चहावाल्याची हाळी… आणि अगदी जवळून रहीमभाई कुणालातरी खणखणीत आवाजात सांगत होते, "भाव करायचा तर नानांच्या हातात हात द्या."

ओला टॉवेल खांद्यावर तसाच राहिला. मी कितीतरी वेळ बापाचा फोन कानाला लावून उभी होते… खूप दिवसांनी आम्ही दोघं पोटभर बोललो.