जानेवारीतला घाम

तुम्ही कधी एखाद्या धडधाकट माणसाला त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावलंय?

मी लावलंय. आणि हे मी आजवर कुणाला बोलले नाही — आईला नाही, मैत्रिणीला नाही. ज्या वहीत मी साऱ्या जगाला जाब विचारत असते, त्या वहीतही नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आई विडी कामगार बायकांच्या सभांची पत्रकं काढायची आणि मी सावेडीतल्या आमच्या खोलीत फरशीवर बसून त्यांच्या घड्या घालायचे. मालकाचा शब्द खरा आणि मजुराचा खोटा का धरला जातो, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी माहीत होतं. पुढे मीही पत्रकं लिहिली. संतापून लिहिली. तेव्हा माझ्याकडून हे नकळत झालं असं कुणी म्हणू नका. मी काय करतेय ते मला त्याच क्षणी कळत होतं.

कॉलेजात असताना मला ग्लायडर उडवायचा नाद लागला. बिनइंजिनाचं विमान. पारनेरच्या बाजूला एका मुरमाड माळावर आमच्या क्लबची धावपट्टी आहे. हँगर लहान. त्यामुळे ग्लायडरचे पंख काढून ठेवायचे आणि दर रविवारी सकाळी पुन्हा जोडायचे. पंख दिसतो नाजूक, पण उचलायला चार माणसं लागतात.

त्यातले एक गोरखतात्या. माळाला लागूनच त्यांची वस्ती. बाजरी, कांदा, दोन म्हशी. क्लबचे सभासद नव्हते. धार काढून झाली की आपण होऊन यायचे आणि पंखाचं टोक धरायचे. सहा वर्षं धरलं. मला म्हणायचे, "ताई, तू वर जातीस, पन पंख माझ्या हातातून जातोय, ध्यानात ठेव."

टोक धरणाऱ्याचं काम समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे. एक पंख लाकडी घोड्यावर, म्हणजे उंच तिवईवर, टेकवलेला असतो. दुसऱ्याचं टोक तात्यांच्या हातात, दहा-बारा पावलांवर. मुळाशी, म्हणजे पंख विमानाच्या धडाला जोडतो तिथे, दोघं जण पंख खांद्यावर घेऊन वाकलेले, माना खाली. दोन्ही पंखांना जोडणारी मधली पिन बसवायचं काम माझं. माळावर वारा असा की ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून आमची रीत — पिन बसली की मी हात वर करायचा आणि तो बघून तात्यांनी टोक हळूच खाली ठेवायचं. माझा हात फक्त त्यांनाच दिसतो. फक्त त्यांनाच.

त्या रविवारी मी मुळाशी वाकलेल्या एकाशी वाद घालत होते. कशावरून? मजुरांच्या हक्कांवरून. हसा हवं तर. पिन अर्धी गेली आणि अडली. अडली की डोकं आत घालून बघायचं असतं. मी बघितलं नाही. मला माझं वाक्य पुरं करायचं होतं. एका हाताने पिन ढकलली, बसली असं वाटलं — आणि दुसरा हात वर केला.

तात्यांनी टोक खाली ठेवलं. नेहमीसारखंच, अंड्यांची पाटी ठेवावी तसं. आणि मुळाशी पंखाचा दांडा निसटून आपटला.

कुणाला लागलं नाही. पंखाच्या मुळाला तडा गेला, ग्लायडर त्या हंगामापुरता जमिनीवरच राहिला. क्लबचे अध्यक्ष धावत आले. "कुणी सोडलं?"

"म्या सोडलं," तात्या म्हणाले. "ताईचा हात वर हुता म्हनून सोडलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले — "मी घाम पुसत होते."

जानेवारीची सकाळ होती. कानटोप्या कुणाच्या उतरल्या नव्हत्या. बोलताना तोंडातून वाफ येत होती. आणि मी म्हणाले, घाम. एकानेही विचारलं नाही, कसला घाम? का विचारलं नाही? कारण मी शिकलेली, सभासद, नीट बोलणारी. आणि ते वस्तीवरचे तात्या. मला त्या सगळ्यांची चीड येते — आणि मग आठवतं, हा विश्वास मीच तर वापरला. ज्याच्याविरुद्ध मी रान उठवत होते, तेच माझ्या कामी आलं आणि मी ते मुकाट्याने घेतलं.

तात्या काय म्हणाले असतील? भांडले? नाही. माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "मंग माझ्याच नजरंची चूक झाली आसंल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

क्लबने ठरवलं, यापुढे टोकाला माणूस नको. एकट्याने जोडणी करता येईल असं सामान घ्यायचं. आणि ते निवडायचं काम दिलं कुणाला? मला. मी ते जीव तोडून केलं. पंखाखालची ट्रॉली निवडली — हाताने फिरवून उंची कमी-जास्त होणारी, पंख पट्ट्याने बांधून घेणारी. छोटी चाकं मुरमात रुततात म्हणून रुंद टायरची. शेपटीखाली घालायची चाकांची डॉली आणि जीपमागे ओढायचा दांडा एमआयडीसीतल्या वेल्डरकडून बनवून घेतला. निवड चांगली होती, आजही म्हणेन. पण सोबत मी दोन पानी टिपण लिहिलं. त्यात माझं वाक्य आहे — 'माणसाच्या नजरेवर विसंबणे धोक्याचे आहे.' कुणाच्या नजरेवर? लिहिताना वाक्य चांगलं जमलंय, असंच वाटलं होतं.

ट्रॉली आली त्या दिवशी तात्या कुंपणापाशी उभे होते. मीच आत बोलावलं. त्यांनी टायर दाबून बघितलं, पट्टा ओढून बघितला.

"लई झ्याक हाय. हिला डोळं लागत न्हाईत," म्हणून हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "ताई, शिबिरात डोळं दावून आलो. डाक्टर म्हनला, ठणठणीत हायेत, चष्माबी नको. मंग त्या दिशी काय झालं आसंल गं?"

तो क्षण होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "ऊन डोळ्यांवर आलं असेल, तात्या."

"ऊन तर पाठीला हुतं," ते म्हणाले. आणि मग मान हलवली. "आसंल, आसंल."

त्यानंतर त्यांनी मोटारसायकल चालवणं सोडलं. घरात कुणी काही दाखवलं तर दोनदा विचारतात. फाट्यावरच्या टपरीत लोक त्यांना बघून हात वर करतात — "काय तात्या, दिसतंय का?" तात्या हसतात. मीही तिथे होते एकदा. कपातल्या चहाकडे बघत बसले.

आता मी एकटी ग्लायडर जोडते. पट्टा बांधते, ट्रॉलीचा दांडा फिरवून उंची जुळवते, पंख मुळाशी आणते. पिन अडली की ट्रॉली तशीच उभी राहते. मी हात वर करून उपयोग नसतो. डोकं आत घालून बघावंच लागतं. मग दर रविवारी मनात येतं — त्या दिवशी मी हे एकदा केलं असतं तर? आणि लगेच पुढचं — ते राहू दे, निदान नंतर खरं बोलले असते तर?

चूक एका क्षणाची होती. खोटं तीन वर्षांचं आहे. त्याला कारण नाही. होती ती भीती, आणि भीतीहून मोठा माझा तोरा — पत्रकं लिहिणारी चुकत नसते.

उद्या सकाळी हे लिहिलेलं घेऊन मी आधी तात्यांच्या वस्तीवर जाणार, तिथे वाचणार. मग हँगरच्या दारावर चिकटवणार. ते काय म्हणतील, ते त्यांचं. मला समजून घेऊ नका. तसं काही मी मागत नाही.

पण त्या फाट्यावर कधी चहाला थांबलात आणि तात्यांकडे बघून कुणी हात वर केला, तर तो हात मनगटाला धरून खाली आणा. आणि टपरीभर ऐकू जाईल असं सांगा — त्या दिवशी तिचा हात वर होता. तात्यांना बरोबर दिसलं होतं.