नवस आईचा, उपवास माझा

गेल्या गुरुवारी वाकोल्याला आमच्या घरी जे झालं ते लिहितेय. मी कोणाशी जास्त बोलत नाही, लिहायला जरा सोपं जातं...

नववीत शाळा सोडली, आता घरीच साड्यांना फॉल-बिडिंग करते. आणि मला बिंज इटिंगचा आजार आहे. म्हणजे भूक नसली तरी खात सुटते, थांबताच येत नाही... मग स्वतःचीच लाज वाटते.

ओपीडीतल्या काउन्सेलर ताई म्हणाल्या, हा हावरटपणा नाही. दर तीन-चार तासांनी थोडं खायचं, उपाशी अजिबात राहायचं नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणे, "काय गो, खायचा आजार आणि औषध काय, तर खा?" तिने तर मी बरी व्हावी म्हणून नवस बोललेला... मी अकरा गुरुवार उपवास करायचे. आता देवाच्या गोष्टीला नाही कसं म्हणणार? गपचूप धरले.

पण आई कामाला गेली की चार वाजेपर्यंत डोकं फिरायचं, आणि मग हाताला लागेल ते... टोस्ट, शिळ्या चपात्या, एकदा तर नुसती साखर. संध्याकाळी परत तिच्यासमोर उपवास सोडायला बसायचे. ते जास्त लागायचं मनाला.

सातव्या गुरुवारी ती कामाला निघाली, चप्पल घालत होती. मी मान खाली घालून सांगून टाकलं... आई, माझा एक पण उपवास पूर्ण झाला नाही. उपाशी राहिले की जास्तच होतं.

वाटलं, आता वाट लागली. तिने चप्पल काढली, आत गेली आणि बाबांचा डबा भरून उरलेली भाजी-चपाती ताटात वाढली.

"नवस मी बोलले ना? मग उपवास पण मीच धरते. अकराच्या अकरा, पहिल्यापासून."

"आणि देव?"

"देवाला मी सांगते, पोरगी आजारी आहे म्हणून. तू जेव. आणि चाव नीट, गिळू नको."

आजारी आहे... पहिल्यांदा म्हणाली ती असं. मी जेवले, ती समोर उपाशी बसून बघत होती. कामाला उशीर झाला तिला त्या दिवशी.

बरी झाले असं नाही हां. रविवारी परत झालं, फरसाणचं अख्खं पाकीट. पण ह्या वेळी आईला स्वतःहून सांगितलं. ओरडेल वाटलं होतं... ती एवढंच म्हणाली, "बरं. पण आता म्हणून रात्रीचं जेवण चुकवायचं नाही."

ताईंनी सांगितलेलं तिला सगळं कळलंय की नाही, माहीत नाही. पण आता घरात मी एकटी नाहीये ह्याच्यात... थँक यू, आई.